ग्रीन कार्डची रांग आणि घरातली कागदपत्रे

प्रति,
माननीय अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे

विषय : नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डची प्रक्रिया, तिच्यातल्या तारखा आणि मराठी कुटुंबांची कागदपत्रे



अमेरिकेत नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मिळवण्याच्या रांगेतली अर्जदाराची जागा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : त्याचा जन्म कोणत्या देशात झाला आणि त्याचा पहिला अर्ज कोणत्या दिवशी दाखल झाला. पहिली गोष्ट कोणाच्याच हातात नसते. दुसरी थोडीफार असते. कागदपत्रांची तयारी मात्र जवळजवळ पूर्णपणे कुटुंबाच्या हातात असते, आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत उशिरा लक्ष जाते. दहा-बारा वर्षे थांबून तारीख लागते आणि तेव्हा कळते की जन्मदाखल्यावर नावच नाही. रांग लहान करणे मंडळांना शक्य नाही. पण त्या रांगेत मराठी कुटुंब अडखळू नये, यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. ते नेमके काय, हे कळण्यासाठी आधी प्रक्रिया क्रमाने समजून घ्यावी लागते.

सध्याच्या व्यवस्थेचा पाया १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने घातला. नोकरीच्या आधारे वर्षाला किमान १,४०,००० ग्रीन कार्डे देण्याची तरतूद त्याने केली. ही मोजणी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या सरकारी वर्षाप्रमाणे चालते. कार्डे पाच वर्गांत वाटली जातात. असाधारण गुणवत्तेचे लोक, नामवंत संशोधक आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वरिष्ठ व्यवस्थापक ईबी-१मध्ये, उच्च पदवीधर ईबी-२मध्ये आणि पदवीधर व कुशल कामगार ईबी-३मध्ये येतात. या तीन वर्गांना प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,०४० कार्डे मिळतात. उरलेली ईबी-४ आणि ईबी-५ या वर्गांना जातात.

त्यावर देशाची मर्यादा येते. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण कार्डांपैकी ७ टक्क्यांहून जास्त मिळू नयेत, असा नियम आहे. ईबी-२पुरता हिशेब केला, तर भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,८०० कार्डे येतात. नवरा, बायको आणि मुले यांची कार्डेही याच आकड्यातून जातात. चौघांचे कुटुंब असेल तर चार कार्डे खर्ची पडतात, म्हणजे वर्षाला सातशेच कुटुंबे पुढे सरकतात. इतर देशांनी न वापरलेली कार्डे जुन्या तारखांच्या अर्जदारांकडे वळवता येतात, त्यामुळे एखाद्या वर्षी प्रत्यक्ष आकडा वाढतो. पण मूळ हिस्सा एवढाच. चार लाख वस्तीच्या आइसलँडला आणि १४० कोटींच्या भारताला मर्यादा एकच आहे.

ही मर्यादा मुळात भारतीयांना अडवण्यासाठी आलेली नव्हती. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारताला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा दिला होता. वंश आणि देश पाहून लावलेले असे कोटे १९६५च्या कायद्याने मोडीत काढले आणि सर्व देशांना एकाच मापाने मोजायचे ठरवले. समानतेच्या विचारातून आलेल्या या मापाची अडचण पुढे झाली, कारण १९९०च्याच कायद्याने एच-१बी हा कामाचा व्हिसा आणला आणि त्याला देशाची मर्यादा लावली नाही. एच-१बीचा वार्षिक कोटा ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० असा आहे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत भारतात जन्मलेल्यांचे प्रमाण अलीकडे ७० टक्क्यांहून अधिक राहिले आहे. आत येण्याचे दार रुंद आणि स्थायिक होण्याचे दार अरुंद असल्यामुळे दोन्हींच्या मधे माणसे साठत गेली. रांगेचे खरे कारण हे आहे. कोणाच्या अर्जातल्या उणिवेमुळे ती लांबलेली नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांनाही कळायला हवे. ‘अजून झालं नाही का?’ हा प्रश्न पुणे-नाशिकहून फोनवर वर्षानुवर्षे विचारला जातो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्या कर्तृत्वावरचा प्रश्न वाटू लागतो.

ईबी-२ आणि ईबी-३मध्ये या प्रक्रियेचे साधारणपणे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा कामगार खात्याकडचा. त्याला सगळे ‘पर्म’ म्हणतात आणि त्याची आजची पद्धत मार्च २००५मध्ये सुरू झाली. कंपनी आधी त्या पदाचा प्रचलित पगार खात्याकडून ठरवून घेते. मग जाहिराती देऊन त्या पदासाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी उमेदवार मिळतो का, हे पाहते. रविवारच्या वर्तमानपत्रात दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवसांची नोंद, कार्यालयात सूचना आणि पदवीधरांच्या पदांसाठी आणखी तीन प्रकारे शोध, एवढे सगळे करून मगच अर्ज जातो. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे अर्जदाराची प्रायॉरिटी डेट. पुढची सगळी वर्षे कुटुंब याच तारखेकडे डोळे लावून असते. पर्मचा वकिलासह सगळा खर्च कंपनीनेच करायचा असतो. २००७पासून तो कर्मचाऱ्याकडून घेण्यास मनाई आहे. पगारातून कापून घेऊ म्हणणारी कंपनी नियम मोडत असते.

दुसरा टप्पा आय-१४०. पर्म मंजूर झाल्यापासून १८० दिवसांत हा अर्ज नागरिकत्व व इमिग्रेशन सेवेकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे करावा लागतो. उमेदवाराकडे पदासाठी लागणारे शिक्षण आणि अनुभव प्रायॉरिटी डेटच्या दिवशीच होता का, आणि ठरलेला पगार देण्याची कंपनीची ऐपत आहे का, या दोन गोष्टी त्यात तपासल्या जातात. अनुभवाची पत्रे इथे लागतात. पुण्यातली किंवा मुंबईतली जुनी कंपनी बंद पडलेली असते, साहेब निवृत्त झालेले असतात, मनुष्यबळ विभाग दोन ओळींच्या पत्रापलीकडे काही द्यायला तयार नसतो. नोकरी सोडतानाच कामाचे स्वरूप आणि तारखा लिहिलेले सविस्तर पत्र घेऊन ठेवणारा पुढे निश्चिंत असतो.

आय-१४० मंजूर झाल्यावर प्रायॉरिटी डेट अर्जदाराची होते. नोकरी बदलली तर नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण रांगेतली जागा जुन्या तारखेनेच धरली जाते. मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला, तरी ती तारीख जात नाही आणि एच-१बी वाढवण्यासाठीही तिचा आधार घेता येतो. फसवणूक किंवा सरकारी चूक उघड झाली, तरच प्रश्न येतो. त्यामुळे आय-१४०च्या मंजुरीची प्रत, निदान पावती क्रमांक तरी, अर्जदाराच्या घरात असायलाच हवा. हा अर्ज कंपनीचा असतो आणि मूळ कागद तिच्याकडे जातो. अनेकांना नोकरी सुटल्यावर तो मागताना जड जाते.

तिसरा टप्पा आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डचा अर्ज. तो तारीख लागल्यावर, म्हणजे आपल्या प्रायॉरिटी डेटची पाळी आल्यावरच करता येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमधल्या काळालाच लोक ‘रांग’ म्हणतात.

हा काळ एच-१बीवर काढायचा असतो आणि एच-१बीची मूळ मुदत सहा वर्षांची. ऑक्टोबर २०००मध्ये झालेल्या कायद्याने यावर उपाय केला. पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील, तर सहा वर्षांनंतर एकेक वर्षाची वाढ मिळते. आय-१४० मंजूर असून केवळ देशाच्या मर्यादेमुळे कार्ड मिळत नसेल, तर तीन-तीन वर्षांची मिळते. म्हणून पाचवे वर्ष संपण्याआधी पर्म दाखल होणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस सहा वर्षांत धरले जात नाहीत, ते पुराव्यानिशी परत मागता येतात. विमानाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के जपायचे ते यासाठी.

नोकरी गेली, तर एच-१बीधारकाला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. आय-९४ या प्रवेशनोंदीवरची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढीच. या दिवसांत नवी कंपनी, दुसरा व्हिसा किंवा परतीचे तिकीट, यांपैकी एकाचा निर्णय घ्यावा लागतो. जोडीदाराच्या कामाच्या परवान्याचा नियम मे २०१५मध्ये लागू झाला. एच-१बीधारकाचा आय-१४० मंजूर असेल किंवा वर उल्लेखलेली वाढ मिळालेली असेल, तर एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळतो. त्याआधी डॉक्टर, शिक्षिका, अभियंता असलेल्या कितीतरी मराठी स्त्रियांची उमेदीची वर्षे घरी बसून गेली.

रांग पुढे सरकली की नाही, हे परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधून कळते. ऑक्टोबर २०१५पासून त्यात दोन तक्ते असतात. एक अंतिम तारखांचा, त्यातल्या तारखांना कार्ड प्रत्यक्ष देता येते; दुसरा दाखल करण्याचा, त्यातल्या तारखांना आय-४८५ दाखल करून ठेवता येतो. दुसरा तक्ता त्या महिन्यात चालेल की नाही, हे यूएससीआयएस दर महिन्याला जाहीर करते, म्हणून बुलेटिन वाचून झाल्यावर तेही पाहावे लागते. ऑक्टोबर २०२५च्या बुलेटिनमध्ये भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ची अंतिम तारीख १ एप्रिल २०१३ होती आणि ईबी-३ची २२ ऑगस्ट २०१३. त्या महिन्यात ज्यांना कार्ड मिळू शकत होते, त्यांचा पर्म बारा वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखल झालेला होता. तारखा पुढेच जातात असेही नाही. मागणी वाढली की त्या मागेही येतात.

बुलेटिनच्या इतिहासातल्या दोन घटना तयारीचे मोल सांगतात. जुलै २००७च्या बुलेटिनने नोकरीवर आधारित जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी धावपळ करून कागद जमवले, वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, आणि २ जुलैला तारखा अचानक बंद झाल्या. त्यावर भारतीय अर्जदारांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’मधल्या गांधीगिरीचा मार्ग धरला आणि यूएससीआयएसचे तेव्हाचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवले. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. महिन्याभराच्या त्या खिडकीत ज्यांचे कागद तयार होते त्यांचे अर्ज गेले, उरलेले पुढे वर्षानुवर्षे थांबले.

दुसरी घटना ऑक्टोबर २०२०ची. महासाथीत दूतावास बंद राहिल्यामुळे कौटुंबिक वर्गातली न वापरलेली कार्डे पुढच्या सरकारी वर्षात नोकरीच्या वर्गाकडे आली आणि त्या वर्षाचा आकडा अडीच लाखांच्या वर गेला. ईबी-३चा दाखल करण्याचा तक्ता २०१५पर्यंत आला. ईबी-२मधल्या अनेकांनी ईबी-३मध्ये दुसरा आय-१४० करून ती संधी घेतली. तरीही वर्ष संपताना साठ हजारांहून अधिक कार्डे न वापरता वाया गेली. खिडकी पुन्हा उघडेल तेव्हाही ती थोडाच वेळ उघडी राहील, हे धरून चालावे.

रांग टाळण्याचा एक सरळ आणि पूर्ण कायदेशीर मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. देश ठरतो तो जन्मावरून, नागरिकत्वावरून नव्हे. आणि जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार नवरा-बायको दोघांनाही घेता येतो. मराठी कुटुंबांत हे अनेकदा लागू पडते. वडील दुबईला, मस्कतला किंवा कुवेतला नोकरीत असताना जन्मलेली मुलगी भारतीय पासपोर्टवर वाढते, पुण्यात शिकते, तिचे लग्न होऊन ती अमेरिकेला जाते. ग्रीन कार्डच्या हिशेबात ती भारताच्या रांगेत नाही, आणि तिच्यामुळे तिचा नवराही नाही. पासपोर्टवर ‘जन्मस्थान : मस्कत’ असे छापलेले असते. तो रकाना अर्जाच्या दृष्टीने कधी कोणी वाचलेलाच नसतो. मुलांच्या जन्मदेशाचा असा आधार आईवडिलांना घेता येत नाही.

रांगेची सर्वांत मोठी किंमत मुले मोजतात. आईवडिलांच्या अर्जात मूल म्हणून राहायचे, तर ते अविवाहित आणि २१ वर्षांच्या आत असावे लागते. ६ ऑगस्ट २००२ रोजी झालेल्या बालस्थिती संरक्षण कायद्याने वयातून आय-१४० प्रलंबित राहिलेले दिवस वजा करण्याची सोय केली. हिशेब असा : कार्ड उपलब्ध झाले त्या दिवशी मुलीचे वय २१ वर्षे १४४ दिवस आहे. आय-१४० मंजूर व्हायला १८० दिवस लागले होते. १८० वजा केल्यावर तिचे वय २१ला ३६ दिवस कमी भरते, म्हणजे ती अर्जात टिकते. तोच आय-१४० जादा शुल्क भरून पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असता, तर वजा पंधराच दिवस झाले असते आणि ती अर्जातून बाहेर पडली असती. कार्ड उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात तिच्यासाठी अर्ज करणेही आवश्यक आहे. ‘उपलब्ध’ कधी धरायचे, हेही बदलले आहे. फेब्रुवारी २०२३पासून दाखल करण्याचा तक्ता चालत होता. १५ ऑगस्ट २०२५ किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांना पुन्हा अंतिम तारखांचा तक्ताच लागू केला आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुले असलेल्या प्रत्येक घराने हा हिशेब आजच वकिलासमोर मांडायला हवा. विद्यार्थी व्हिसा, जोडीदाराचा स्वतंत्र अर्ज, दुसरा वर्ग, यांपैकी काही शक्य असेल, तर त्याला वर्षे लागतात. एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात यातले काहीच होत नाही.

आता कागदपत्रे. आय-४८५बरोबर जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पासपोर्ट आणि सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून सीलबंद पाकिटात मिळणारा आय-६९३ हा तपासणी अहवाल लागतो. डिसेंबर २०२४पासून हा अहवाल अर्जाबरोबरच द्यावा लागतो. क्षयाची चाचणी रक्तावर होते, त्यामुळे लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीची आडकाठी येत नाही. जुने लसीकरण कार्ड मिळाले, तर काही लसी पुन्हा घ्याव्या लागत नाहीत.

खरी अडचण जन्मदाखल्याची. १९८०च्या दशकात तालुक्याच्या गावी जन्मलेल्या मुलाचा नगरपालिकेचा जुना दाखला समोर ठेवला, तर तो बहुधा असा दिसतो : नोंदणी क्रमांक आणि तारीख देवनागरी आकड्यांत, वडिलांचे नाव पूर्ण, आईचे नुसते पहिले नाव, बाळाच्या नावाच्या जागी आडवी रेघ, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. त्यावर गोल शिक्का, निम्मा पुसलेला. हाच मुलगा शाळेत गेला तेव्हा प्रवेशाच्या सोयीसाठी जूनमधली जन्मतारीख सांगितली गेली. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट त्या तारखेने निघाले. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पदवीवर एक आणि पासपोर्टवर दुसरे. लग्नात बायकोचे नाव बदलले. तिची पदवी माहेरच्या नावाने, विवाहाचा दाखला एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्याच नावाने. घरच्यांना यात काहीच वावगे वाटत नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र हे तीन-चार वेगळे लोक दिसतात आणि तो अधिक पुरावा मागणारी नोटीस काढतो.

यांतल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, फक्त त्याला वेळ लागतो. दाखल्यावर नाव नसेल, तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज करून ते घालून घेता येते का, हे पाहावे. नोंदच सापडत नसेल, तर त्याच कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा. त्याला जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची, शक्यतो आईवडिलांची, प्रतिज्ञापत्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. ही प्रतिज्ञापत्रे आईवडील हयात आणि धडधाकट असतानाच करून घ्यावीत, हे लिहिताना जड वाटते, पण ते खरे आहे. उशिरा केलेल्या नोंदणीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार एक वर्षानंतरच्या नोंदणीला जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. चाळीस वर्षांनी केलेल्या नोंदीसोबत जुना पुरावाही जोडणे शहाणपणाचे. नावातला बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येतो. विवाहाची नोंद महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली होते आणि ती राहून गेली असेल, तर मागाहूनही करता येते.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने लिहून सही करायची असते. त्यासाठी नोटरी लागत नाही, सरकारमान्य संस्था लागत नाही. दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या कोणालाही ते करता येते. घरच्या माणसापेक्षा त्रयस्थाने केलेले बरे.

आय-४८५ दाखल झाल्यावर कामाचा परवाना आणि परदेश प्रवासाची आगाऊ परवानगी मागता येते. अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला, तर तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. प्रवासाची परवानगी हाती नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. वैध एच किंवा एल व्हिसावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे.

कार्ड मिळाल्यावर काही नियम पाळावे लागतात. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचा असतो. १८ ते २५ वयाच्या मुलग्यांना सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवावे लागते. जगभरातले उत्पन्न करपत्रकात दाखवावे लागते, त्यात पुण्याच्या फ्लॅटचे भाडे आणि बँकेतल्या ठेवीचे व्याजही आले. आजारी आईवडिलांसाठी वर्षाहून जास्त काळ भारतात राहावे लागणार असेल, तर अमेरिकेत असतानाच पुनःप्रवेशाचा परवाना मागून ठेवावा लागतो. सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी नागरिकत्वाच्या हिशेबात अडचण आणू शकते. पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड, घेता येते. ओसीआयधारकाला भारतात मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलावण्याचा हक्क नागरिकालाच आहे, ग्रीन कार्डधारकाला नाही. हा फरक अनेक घरांत फार उशिरा कळतो.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. देशाची मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने डिसेंबर २०२०मध्ये त्याचा वेगळा मसुदा संमत केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. असा बदल कधी होईल यावर कोणत्याही कुटुंबाने आपले नियोजन बेतू नये.

मंडळांकडे मागणे आहे ते या सगळ्यातून निघणारे आणि मंडळांच्या आवाक्यातले आहे. पहिले, भाषांतरासाठी स्वयंसेवकांची यादी करावी. मराठी शाळेत शिकवणारे, निवृत्त प्राध्यापक, मोडी वाचू शकणारे जुने जाणकार, अशी माणसे प्रत्येक मंडळात असतात. दुसरे, जन्मदाखला, नाव आणि विवाहनोंदणी यांच्या दुरुस्तीची माहिती साध्या मराठीत एका पुस्तिकेत छापावी. ती अर्जदाराला लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती गावाकडे कचेरीत खेटे घालणाऱ्या त्याच्या वडिलांना. तिसरे, वर्षातून एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला बोलावून दहावी-अकरावीतल्या मुलांच्या पालकांची बैठक घ्यावी. चौथे, नोकरी गेलेल्या माणसाला त्या साठ दिवसांत कोणाला फोन करायचा हे माहीत असावे, एवढी सोय करावी.

एक सीमा मात्र पाळावी. एखाद्याच्या अर्जात काय करावे, हा सल्ला परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. मंडळाच्या ओळखीने, मैत्रीखातर किंवा पैसे घेऊन तो देणारा माणूस कितीही जाणकार असला, तरी त्याच्या चुकीची किंमत अर्जदाराचे कुटुंब भरते.

गणेशोत्सवाला सगळे मंडळात येतात. त्या दिवशी प्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल मांडावे, त्यावर ही पुस्तिका ठेवावी आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या जन्मदाखल्यावर तुमचे नाव आहे का? येत्या गणेशोत्सवापासून एवढे सुरू करावे, ही विनंती.